पांढरा सॅक्सोफोन

(पडदा काळा. झांजेवर काठीचा झपाझप आवाज. खालून डबल बासचा खर्ज.)

हा आवाज थोडा वेळ नुसताच ऐकू या.

ड्रम द्रुत लयीत चाललेत. झांजेवर काठी इतक्या घाईने पडतेय की आता काहीतरी जोरकस सुरू होणार, असं वाटतं. आणि सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट येतात ते थेट विलंबितात. खाली द्रुत, वर विलंबित, आणि कुणी कुणाला ओढत नाही. दोन्ही वाद्यं एकच चाल वाजवतात, पण एकमेकांना चिकटून नाही. घरातली दोन माणसं एकाच दुःखाबद्दल बोलताना जशी किंचित मागेपुढे होतात, तशी.

ही 'लोनली वुमन', जॅझमधली एक रचना. २२ मे १९५९ रोजी हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झालेली. सॅक्सोफोनवर ऑर्नेट कोलमन, छोट्या ट्रम्पेटवर डॉन चेरी, बासवर चार्ली हेडन, ड्रमवर बिली हिगिन्स. चौघांत पियानो नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

(छायाचित्र: दाढीवाला तरुण, हातात पांढरा सॅक्सोफोन. कॅमेरा हळूहळू वाद्याजवळ जातो.)

हे वाद्य जवळून पाहा. पितळेची चमक कुठे दिसत नाही, कारण नळी प्लास्टिकची आहे. चाव्या तेवढ्या धातूच्या. ग्राफ्टन नावाचा हा सॅक्सोफोन इंग्लंडात बनायचा आणि पितळी वाद्यापेक्षा बराच स्वस्त मिळायचा. हातातून पडला तर तडा जाणार, हे उघडच. १९५४ साली लॉस एंजेलिसमध्ये ऑर्नेटने तो घेतला, तो परवडला म्हणून. पुढे मात्र त्याला त्याचा आवाज आवडायला लागला. कोरडा, थोडा रडवेला, माणसाच्या गळ्याच्या फार जवळचा.

ऑर्नेट टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. जन्म १९३०. वडील लहानपणीच गेले, आई शिवणकाम करायची. घरात पैसा नव्हता, त्यामुळे शिकवणीचा प्रश्नच नव्हता. हातात सॅक्सोफोन आला तो चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि शिकला तो स्वतःच, पुस्तकात बघून. त्यात स्वरांच्या नावांची गल्लत झाली. पुस्तकातला स्वर आणि वाद्यातून निघणारा स्वर यांचा मेळ त्याने स्वतःच्या समजुतीने लावला होता, आणि तो चुकीचा होता. लोकांत वाजवायची वेळ आली तेव्हा हे उघडं पडलं आणि सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. पण त्या चुकीतून एक गोष्ट त्याच्या मनात रुजली असावी, असं मला वाटतं: स्वराला दिलेलं नाव वेगळं आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर वेगळा.

मग फिरत्या बँडांमधली वर्षं. लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये नाचाच्या एका कार्यक्रमात त्याचं वाजवणं काही जणांना रुचलं नाही. त्याला बाहेर नेऊन मारहाण झाली. तेव्हा तो टेनर, म्हणजे जाड, खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन वाजवायचा. तो हिसकावून फेकून देण्यात आला.

लॉस एंजेलिसमध्ये मार खावा लागला नाही, पण तो वाजवायला स्टेजवर चढला की बाकीचे वादक उतरून जायचे. पोटासाठी तो एका मोठ्या दुकानात लिफ्टमन झाला. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो एका चित्रांच्या दालनात शिरला. तिथे एका श्रीमंत बाईचं चित्र होतं. सुखाची म्हणावी अशी प्रत्येक वस्तू तिच्याजवळ होती, आणि चेहऱ्यावर मात्र कमालीचा एकटेपणा. घरी जाऊन त्याने चाल बांधली. सुरुवातीला आपण ऐकली ती हीच. ही हकिकत त्याने स्वतः सांगितलेली आहे.

(पियानोच्या पट्ट्या. एक हात कॉर्ड दाबतो, सोडतो, पुढची कॉर्ड दाबतो.)

आता पियानोकडे येऊ.

त्या काळातला जॅझ साधारण असा चालायचा. एक गाणं घ्यायचं. बहुतेक वेळा त्याचं आवर्तन बत्तीस बारचं, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट. त्या आवर्तनात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे जुडगे, ठरलेल्या क्रमाने बदलत जातात, आणि पियानो तो क्रम पुन्हा पुन्हा मांडत राहतो. वादक उपज करतो, म्हणजे तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो, ती त्या क्रमावर. कॉर्ड बदलली की त्यालाही बदलावं लागतं, मनातलं वाक्य अर्धं राहिलं असलं तरी. १९४०च्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी हा खेळ अशा वेगाला नेला की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. त्यानंतर आलेले अनेक जण तोच वेग गिरवत राहिले.

ऑर्नेटचं म्हणणं साधं होतं. चालीचा जो भाव आहे, त्यातून उपज येऊ द्या. वाक्य जिथे संपेल तिथे संपेल. त्यासाठी बत्तीस बार मोजायचे कशाला? आणि कॉर्ड मांडणारा पियानो हवाच कशाला?

आपल्याकडच्या कानाला हे ऐकताना एवढा धक्का बसत नाही. राग गाणारा कॉर्डच्या क्रमाने बांधलेला नसतोच. पण आपल्याकडे राग असतो, ताल असतो, सम असते. ऑर्नेटच्या चौघांनी यातलंही काही आधी ठरवलेलं नसायचं. उपज संपवून ते अचानक एका क्षणी, कुणी न मोजता, मूळ चालीवर एकत्र येतात. समेवर यावं तसे, पण ही सम आधी कुठे लिहिलेली नाही. ती चौघांनी ऐकून ऐकून तिथल्या तिथे ठरवलेली असते. म्हणून या संगीताला बेशिस्त म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. आखून दिलेला रस्ता नसला की शेजारच्याकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं.

(न्यूयॉर्क. रात्र. बॉवरी भागातला रस्ता, एका छोट्या क्लबचा दरवाजा.)

१७ नोव्हेंबर १९५९. फाइव्ह स्पॉट कॅफे.

जागा लहानशी, टर्मिनी बंधूंची. चित्रकार, कवी यांचा अड्डा. दोनच वर्षांपूर्वी पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन इथे महिनोन् महिने वाजवत होते. आणि त्याच्याही आधी, १९५६ साली, सेसिल टेलर नावाचा पियानोवादक इथे वाजवून गेला होता. त्याच्याविषयी इथेच सांगायला हवं, कारण चौकट मोडणाऱ्या या जॅझच्या गोष्टीत त्याचं नाव नेहमी दुसरं घेतलं जातं आणि ते मला खटकतं. ऑर्नेटने पियानो बाजूला ठेवला. टेलरने पियानोच ड्रमसारखा वाजवायला घेतला, मुठी, कोपर, तळवे वापरून. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत रीतसर शिकलेला हा माणूस पुढे अनेक वर्षं हॉटेलात बशा विसळून पोट भरत होता, कारण त्याला वाजवायला बोलवायची क्लबवाल्यांची हिंमत होत नव्हती.

ऑर्नेटच्या चौघांना दोन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. ते दहा आठवडे राहिले. अख्खं न्यूयॉर्क ऐकायला लोटलं आणि आपसांत भांडू लागलं. संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक लिओनर्ड बर्नस्टीन भारावून गेला. जुन्या पिढीतला ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिजने सांगितलं की मी पिऊन ऐकलं, न पिता ऐकलं, त्याच्याबरोबर वाजवूनही पाहिलं. हा माणूस लोकांना बनवतोय.

चार्ली हेडन तेव्हा बावीस वर्षांचा. आयोवातल्या गावाकडच्या गाण्यांच्या कुटुंबातला, लहानपणी रेडिओवर गाणारा गोरा मुलगा. वाजवता वाजवता त्याने समोर पाहिलं, तर बारपाशी ओळीने उभे विल्बर वेअर, चार्ल्स मिंगस, पॉल चेंबर्स, पर्सी हीथ. शहरातले सगळे मोठे बासवादक, नजर थेट त्याच्या बोटांवर. त्याने डोळे मिटून घेतले. पुढे आयुष्यभर तो डोळे मिटूनच वाजवत राहिला.

(दोन कान. डावा, उजवा. हेडफोन.)

पुढच्या तुकड्यासाठी हेडफोन असतील तर घाला.

२१ डिसेंबर १९६०, न्यूयॉर्क. ऑर्नेटने सात जणांना स्टुडिओत बोलावलं आणि स्वतःला धरून आठांच्या दोन चौकड्या केल्या. डाव्या कानात ऑर्नेट, चेरी, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर हिगिन्स. उजव्या कानात बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बासवर हेडन, ड्रमवर एड ब्लॅकवेल. मधूनमधून काही लिहिलेले तुकडे, बाकी सदतीस मिनिटं तिथल्या तिथे. एक जण पुढे येतो, बाकीचे त्याला अधूनमधून टोकतात, हुंकार देतात, उचकवतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळ्यांचा एकत्र गोंगाट कानावर आला. चौथ्या-पाचव्या खेपेला नुसते दोन बास ऐकले: हेडन खाली, जमिनीला धरून, लाफारो वर, बोटांत वीज असल्यासारखा. तेव्हा सगळी मांडणी उलगडली. साडेसहा महिन्यांनी लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस.

रेकॉर्डचं नाव 'फ्री जॅझ'. वेष्टनावर जॅक्सन पोलॉकचं चित्र. 'डाऊनबीट' या जॅझच्या मासिकाने दोन समीक्षकांकडून परीक्षण लिहून घेतलं. एकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही.

तारा न देणारा समीक्षक जॉन टायनन. १९६१च्या शेवटी कोल्ट्रेन आणि डॉल्फी यांच्या वादनाला 'अँटी-जॅझ' म्हणणाराही तोच. पुढच्या वर्षी त्याच मासिकाने दोघांना उत्तर द्यायला जागा दिली. डॉल्फी पक्ष्यांबद्दल बोलला. घरी रियाझ करताना पक्षी त्याला साथ करायचे, आणि त्यांचे स्वर आपल्या दोन स्वरांच्या मधले असतात. भारतीय संगीतातही असं काही आहे, असं तो म्हणाला. श्रुती हा शब्द त्याला ठाऊक असो वा नसो, कान तिथवर पोचला होता. दोनच वर्षांनी, जून १९६४ मध्ये, मधुमेहाने त्याचा बर्लिनमध्ये मृत्यू झाला. छत्तीस वर्षांचा होता.

(संग्रहित चित्रं: मोर्चे. बर्मिंगहॅमचं चर्च.)

हे सगळं कोणत्या देशात चाललं होतं, तेही पाहायला हवं. फेब्रुवारी १९६०, ग्रीन्सबरो: चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसतात. सप्टेंबर १९६३, अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम: चर्चमध्ये बाँब, चार मुली ठार. दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने 'अलाबामा' ध्वनिमुद्रित केलं. त्यात घोषणा नाही, शब्दही नाही. मर्तिकाच्या प्रार्थनेसारखा सॅक्सोफोन.

कोल्ट्रेन या गोष्टीत आला आणि गोष्ट बदलली. ऑर्नेट बाहेरचा होता, त्याला हाकलणं सोपं होतं. कोल्ट्रेन तर जॅझच्या घरातला कर्ता मुलगा. त्याच्याइतकं कॉर्डचं गणित कुणाला येत होतं? पण तोच ऑर्नेटकडे गेला, समजून घेऊ लागला. दुसरीकडे त्याचे कान भारताकडे लागले होते. पंडित रविशंकर १९६२ साली मुंबईत 'किन्नर' हे संगीत विद्यालय काढत होते, त्याच काळात कोल्ट्रेन त्यांच्या रेकॉर्डी झपाटल्यासारखा ऐकत होता. दोघांच्या भेटीही झाल्या. पंडितजींना त्याचं वादन थोर वाटलं, पण त्यातली खळबळ मनाला त्रास देते, असंही त्यांनी सांगितलं आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये कोल्ट्रेनला मुलगा झाला. नाव ठेवलं रवी.

(डॉन चेरीही पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला. किराण्याच्या सुरावर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे कळलं तर किती बरं वाटेल.)

१९६५च्याच जूनमध्ये कोल्ट्रेनने 'असेन्शन' केलं. अकरा वादक, जवळजवळ चाळीस मिनिटं. आता मागे फिरणं नव्हतं.

क्लब दार उघडत नव्हते, तेव्हा या मंडळींनी स्वतःच जागा शोधल्या. ऑक्टोबर १९६४ मध्ये ट्रम्पेटवादक बिल डिक्सनने न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेत चार रात्रींचा महोत्सव भरवला. १९६५ साली शिकागोत म्युहाल रिचर्ड अब्राम्स आणि साथीदारांनी वादकांची स्वतःची संस्था काढली, तिच्यातून आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो हा वादकांचा चमू उभा राहिला, सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टन आला. त्यांची गोष्ट वेगळी सांगावी एवढी मोठी आहे.

(चर्चची उंच कमान. वरच्या सज्जात वादक.)

१७ जुलै १९६७ रोजी जॉन कोल्ट्रेन यकृताच्या कर्करोगाने गेला. वय चाळीस. न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स ल्युथरन चर्चमधल्या अंत्यविधीत दोन चौकड्यांनी वाजवलं. आधी क्लीव्हलँडच्या अल्बर्ट आयलरची. आयलरचा टेनर म्हणजे लष्करी बँडच्या आणि चर्चच्या साध्या चाली, पण आक्रोशाच्या टोकापर्यंत ताणलेल्या. त्या दिवशी त्याने मध्येच वाद्य तोंडातून काढलं आणि तो नुसताच ओरडला. तीन वर्षांनी ईस्ट नदीत त्याचं प्रेत सापडलं.

दुसरी चौकडी ऑर्नेटची.

ऑर्नेटला मात्र मोठं आयुष्य मिळालं. ज्याचं वाद्य फेकून दिलं होतं, त्याला २००७ साली संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. ११ जून २०१५ रोजी तो गेला. रिव्हरसाइड चर्चमध्ये लोक जमले. शहाऐंशी वर्षांचा सेसिल टेलर पियानोशी येऊन बसला आणि एकटाच वाजवू लागला. सॅक्सोफोन घेऊन आलेल्यांमध्ये पन्नाशीला टेकलेला एक जण होता, रवी कोल्ट्रेन.

(पुन्हा झांज. खाली द्रुत. मग, वरून, विलंबितात, पांढरा सॅक्सोफोन.)