कूलर बंद करून गाणारी पोरं

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला गेल्या दीडेक वर्षात मला भेटलेल्या काही पोरापोरींबद्दल सांगणार आहे. सगळे आपल्या नागपूरचेच, कोणी गाणी करतं, कोणी भिंती रंगवतं, कोणी ढोलकी वाजवतं, आणि कुणाच्याही मागे कंपनी नाही की मोठी संस्था नाही, आपलं आपण करून राहिले.

ओळख झाली एका गिटारमुळे. माझा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, गिटार इथेच राहिली. मे महिन्यात पुसायला काढली तर तिच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, त्यांना फ्रेट म्हणतात, त्यांची टोकं बाहेर आलेली, हाताला टोचत होती. बर्डीला एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. तो म्हणाला, काकू, तुमची चूक नाही, ४५ डिग्रीत लाकूड सुकून आकसते, धातू काही आकसत नाही, मग टोकं बाहेर येतात न. डबीला भोकं पाडायची, त्यात ओला स्पंज ठेवायचा आणि ती डबी गिटारच्या केसमध्ये ठेवायची, झालं. तेवढ्यात एक ढोलकीवाला मुलगा आला, त्याचं उलटं, पावसाळ्यात पान, म्हणजे ढोलकीचं चामडं, ओल धरते आणि सूर उतरतो, ऐन कार्यक्रमात. मी तासभर तिथेच बसले. त्या दुकानात इतकी पोरं येऊन गेली की मला वाटलं, मी याच गावात जन्मले आणि हे मला माहीतच नव्हतं?

म्हणजे अगदीच माहीत नव्हतं असंही नाही. मी महालातली, चितारओळीपासून पाच मिनिटांवर आमचं घर. गणपतीच्या आधी दोन महिने त्या गल्लीत मातीचा वास असायचा, मूर्तीचे डोळे कोण काढतं ते बघायला आम्ही शाळेतून येताना थांबायचो. ते मूर्तिकार म्हणजे स्वतंत्र कलावंतच की, आपल्या हातावर घर चालवणारे, फक्त तेव्हा त्यांना तसं कोणी म्हणत नव्हतं.

इंदोऱ्यातला एक मुलगा आहे, रॅप करतो, आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत. त्याचे आजोबा भीमगीतं गायचे. दीक्षाभूमीवर विजयादशमीला पुस्तकांच्या स्टॉलशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी विकायला असायच्या हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, तशीच एक कॅसेट आजोबांची, स्वतःच्या पैशातून काढलेली. १९५६ नंतर गावोगावी, वस्त्यावस्त्यांत गायकांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोचवला, त्यांना तरी कुठली कंपनी होती? हा मुलगा म्हणतो, मी काही नवीन नाही करून राहिलो काकू, आजोबा ढोलकीवर म्हणायचे, मी बीटवर म्हणतो. मला त्याचं हे बोलणं फार आवडलं.

तर या मुलाची मुख्य अडचण काय, तर कूलर. हसू नका, खरंच. उन्हाळ्यात घराघरात कूलर लागलेला, ताट्यांवरून पाणी पडतंय, पंखा घरघरतोय, आणि ज्या माइकवर तो गातो तो इतका नाजूक की शेजारच्या घरातला कूलरसुद्धा त्यात उतरतो. पंख्याची घरघर, मोटरची गुणगुण, नंतर कॉम्प्युटरवर काढायला गेलं की आवाजाचाही जीव जातो. म्हणून मग रात्री दोननंतर, स्वतःचा कूलर बंद, दार बंद, खिडकीला गादी आणि अंगावरून गोधडी घ्यायची, कारण गोधडी आवाज शोषते आणि खोलीचा घुमारा येत नाही. आणि रात्रीसुद्धा तीस-बत्तीस डिग्री. अशा वेळी तीन मिनिटांच्या गाण्यासाठी चाळीस वेळा घेतलेला तो एकेक शब्द.

एवढं करून ते गाणं ऑनलाइन टाकलं की एका वेळच्या ऐकण्याचे मिळतात काही पैसे, पैसे म्हणजे पैसेच, एक रुपयासुद्धा नाही. एक गोष्ट मात्र या पोरांना मी हट्टाने सांगते आणि तुमच्या घरात कोणी गाणी लिहीत असेल तर तुम्हीही सांगा. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला, गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा आता कुठल्या कागदावर सही घेऊन काढून घेता येत नाही. पण सही करायच्या आधी कागद वाचा रे बाबांनो, पूर्ण वाचा.

चित्र काढणारी एक मुलगी भेटली, चित्रकला महाविद्यालयात शिकलेली. हॉटेलांच्या, शाळांच्या भिंती रंगवते, चौरस फुटाच्या भावाने. पहाटे चारला कामाला लागते कारण नऊनंतर भिंत तापते आणि अॅक्रेलिक रंग ब्रशवरच वाळायला लागतो. तिला सगळ्यात जास्त त्रास होतो तो एका प्रश्नाचा, लग्नाकार्यात हमखास विचारतात, हो का, चित्रं काढतेस, पण बाकी काय करतेस? मला याचा खरंच राग येतो. सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते वसंतराव देशपांडे, आपल्या नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलेले, त्यांनी कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. आज कोणी त्यांना हिशेबनीस म्हणून ओळखतं का?

आणि सभागृहाचा विषय निघालाच आहे तर बोलते. रेशीमबागला सुरेश भट सभागृह आहे, जवळपास २००० खुर्च्यांचं, २०१७ ला सुरू झालं, छानच आहे. पण ज्या मुलाला ऐकायला पन्नास माणसं येणार त्याने कुठे जायचं? एवढीशी, शांत, परवडणारी खोली, बास, तीच नाही. कॅफेवाले बोलावतात पण तिथे लोक कॉफी पीत गप्पा मारतात आणि मानधन विचारलं तर म्हणतात, तुम्हाला एक्सपोजर मिळतंय न. तिकडे पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत बघा, दिवाळीनंतर धानाची कापणी झाली की वडशाच्या मंडळ्या गावोगाव नाटकं करतात, रात्रभर, आणि शेतकरी माणूस तिकीट काढून बघतो. गावाला जमतं ते शहराला का जमू नये?

मुलाची वरची खोली माझ्याकडे रिकामीच होती. गेल्या मे महिन्यात मी त्या रॅपवाल्याला म्हटलं, दुपारी ये, खाली आमचाही कूलर बंद ठेवते. दोन तास ठेवला. मी कुकर सकाळीच लावून घेतला म्हणजे शिट्टी मधे येऊ नये. तो खाली आला तेव्हा शर्ट पिळून काढावा असा भिजलेला, माठातलं पाणी तीन ग्लास प्यायला आणि पहिल्यांदा ऐकवलं ते मलाच.

मग नोव्हेंबरात, हवा गार झाल्यावर, गच्चीवर कार्यक्रम केला. सतरंज्या घातल्या, भिंतीला त्या मुलीची चित्रं टांगली, तिकीट १०० रुपये. शेजारच्या एक वहिनी म्हणाल्या, ओळखीच्यांकडून पण? मी म्हटलं, ओळखीच्यांकडून तर आधी. २६ जण आले, २६ जणांनी पैसे दिले, दोन छोटी चित्रं विकली गेली. रात्री सगळे गेल्यावर तो ढोलकीवाला जिन्यात बसून नोटा मोजत होता, मोजून झाल्या तर परत मोजल्या, मग मला विचारलं, काकू, पुढच्या महिन्यात बी गच्ची मोकळी आहे का?

मी म्हटलं, आहे, फक्त कपडे वाळत घालायची दोरी सोडून ठेवावी लागेल.