वेटींच्या घरची पत्रं

श्रोतेहो, नमस्कार.

साल १८६३. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांची यादवी ऐन भरात आहे. एक बाई घरदार मागे टाकून, लेकरांना घेऊन टेक्सासात नातेवाइकांच्या आसऱ्याला आली आहे. नवरा दक्षिणेच्या बाजूने लढतो आहे आणि थोरला मुलगा सॅलडिनही त्याच्याच फौजेत आहे. ती नवऱ्याला पत्र लिहायला बसते. तुमच्यासाठी कपडे पाठवणार होते, म्हणते, पण तुम्ही माझी वाट न बघताच ते मिळवलेत असं ऐकते. लुटीतून मिळवलेत, हे ती लिहीत नाही. मग मनातली गोष्ट बाहेर येते. आपल्या सॅलडिनने एका कैद्याला मारलं असं कानावर आलंय, कोण होता तो, काय झालं, ते कळवा. पोरांना सांगा, देवाने आपल्यावर दया करावी असं वाटत असेल तर आपणही दया दाखवावी. या पोराला माणसाच्या जिवाची किंमत कधी कळणारच नाही की काय, या काळजीने वेड लागायची वेळ आलीय.

या बाईचं नाव सॅरा वेटी. ती चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतल्या एका जमातीची होती आणि तिचा नवरा स्टँड वेटीही चेरोकीच. रिज, वेटी आणि बूडिनॉट ही एकाच गोतावळ्यातली तीन आडनावं. या मंडळींनी एकमेकांना लिहिलेली पत्रं पुढे इतिहासकार एडवर्ड एव्हरेट डेल यांच्या हाती लागली आणि गॅस्टन लिटन यांच्यासोबत त्यांनी ती १९३९ मध्ये छापली. जवळजवळ सगळी इंग्रजीत आहेत. खरं तर चेरोकींना सिक्वोया नावाच्या त्यांच्यातल्याच एकाने १८२१ मध्ये स्वतःची लिपी करून दिली होती आणि त्याच लिपीत छापणाऱ्या वर्तमानपत्राचा पहिला संपादक याच घरातला, स्टँडचा सख्खा भाऊ इलायस बूडिनॉट. चेरोकी फीनिक्स या त्याच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातल्या न्यू एकोटा गावी निघाला.

त्याच्या छपाईचे खिळे बोस्टनमध्ये ओतवून आणले होते आणि ते काम एका अमेरिकन मिशन मंडळामार्फत झालं होतं. हेच मंडळ १८१३ मध्ये मुंबईत उतरलं. आपल्याकडचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं तेही त्याच मिशनचं. जग लहान आहे म्हणतात, ते असं.

इलायस कनेटिकटमधल्या मिशनच्या शाळेत शिकला आणि त्याच गावातली हॅरिएट गोल्ड त्याच्या प्रेमात पडली. गोऱ्या घरातली मुलगी 'इंडियन', म्हणजे मूळ रहिवासी मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर गावाने दोघांचे पुतळे जाळले. आग लावणारा तिचा स्वतःचा भाऊ होता. लपून बसलेली हॅरिएट ते खिडकीतून बघत होती आणि नंतर तिने ते शांतपणे पत्रात लिहून ठेवलं. गावातली चांगल्या घरची तरुण मंडळी तमाशा बघायला जमली होती, असं ती लिहिते. १८२६ मध्ये तिने लग्न केलंच.

याच घराला फितूरही म्हणतात. का, ते आता ऐका. जॉर्जियाला चेरोकींची जमीन हवी होती. १८३० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हटवण्याचा कायदा केला. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला आणि बहुतेक लोक त्याच्याच मागे होते. रिज मंडळींना मात्र वाटलं की जमीन तशीही जाणारच, निदान मोबदला पदरात पाडून घ्यावा. २९ डिसेंबर १८३५ रोजी बूडिनॉटच्याच घरात करार झाला. पन्नास लाख डॉलरला पूर्वेकडची सगळी भूमी विकली. रॉसची संमती नव्हती. सिनेटमध्ये तो करार एका मताने तरला. नंतर सैन्याने सुमारे सोळा हजार माणसं हाकलत पश्चिमेला नेली आणि वाटेत व छावण्यांत साधारण चार हजार मेली, असा अंदाज सांगतात.

परवानगीशिवाय जमीन विकणाऱ्याला मृत्युदंड, हा कायदा चेरोकींचाच. तो व्हावा म्हणून झटणाऱ्यांत वडीलधारा मेजर रिज स्वतः होता. २२ जून १८३९ रोजी, एकाच दिवशी, तीन ठिकाणी तो अमलात आला. मेजर रिजला रस्त्यात गोळ्या घातल्या. त्याचा मुलगा जॉन याला बिछान्यातून ओढून बायकापोरांसमोर भोसकलं. इलायस बूडिनॉटकडे काही माणसं औषध मागायला आली. तो त्यांच्याबरोबर निघाला, तिथेच संपला. स्टँडला वेळेत निरोप पोचला म्हणून तो वाचला.

जॉनचा बारा वर्षांचा मुलगा, जॉन रोलिन, हे सगळं बघत होता. मोठेपणी एका घोड्यावरून झालेल्या भांडणात त्याने रॉसच्या बाजूचा एक माणूस मारला आणि १८५० मध्ये तो कॅलिफोर्नियाला गेला. तिथून तो स्टँडकाकांना लिहितो. सूडाची धग त्या पत्रांत आहे, पण त्याहून जास्त एकच धोशा आहे : आपल्या लोकांसाठी वर्तमानपत्र काढू या, काका, तुम्ही पैसे उभे करा. मला हा पोरगा फार जवळचा वाटतो. बाप गमावलेला आणि छापखान्याचं वेड सुटत नसलेला.

अन्याय सोसलेली माणसं सगळी धुतल्या तांदळासारखी असतात असं मात्र समजू नका. या घरात काळे गुलाम होते, रॉसकडेही होते. १८६३ च्या नोव्हेंबरात स्टँड सॅराला कळवतो की मी चेरोकींच्या राजधानीतलं, टालेक्वाचं जुनं सभागृह जाळलं, जॉन रॉसचं घरही जाळलं. रॉसचा जावई अँडी नेव्ह मारला गेला, त्याचं वाईट वाटलं, असंही त्याच पत्रात आहे. युद्धाआधी दोघांचं बरं होतं. भाऊबंदकी अशीच असते, घर जाळायचं आणि मेल्यावर हळहळायचं. सॅराने तर बजावलं होतं, रॉसचा पुतण्या विल्यम हाती लागला तर मारू नका, युद्ध संपेपर्यंत धरून ठेवा. त्याच्या म्हाताऱ्या आईला काय वाटेल, ते मला ठाऊक आहे. ज्या बाईचं घरदार सुटलंय, ती हे लिहिते.

दक्षिणेचा हा सेनानी, स्टँड वेटी, २३ जून १८६५ रोजी शरण आला, दक्षिणेच्या सगळ्या सेनापतींत शेवटचा. पुढे पुतण्याबरोबर तंबाखूचा कारखाना काढला, तोही कराच्या खटल्यात बुडाला. १८७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने काँग्रेसचा नवा कर-कायदा चेरोकींशी झालेल्या जुन्या तहापेक्षा वरचढ ठरवला.

तोवर तिन्ही मुलगे जाऊन उरल्या होत्या फक्त मुली. त्याच वर्षी शाळेत असलेल्या मुलीला त्याने पत्र लिहिलं. इथे जुन्या घरी किती एकटं वाटतं, तुला कल्पना नाही. तू इथे असतीस तर किती बरं झालं असतं, पण तुला शिकायलाच हवं. सप्टेंबरात तो गेला.

नमस्कार.