टाकी धुतली का?

नमस्कार श्रोतेहो. दिंडोरी-निफाडकडे सध्या द्राक्षबागांच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची गडबड आहे. आमचीही बाग कालच छाटून झाली. आता माल तुटेपर्यंत फवारण्याच फवारण्या. म्हणून आज मोबाइलमधल्या एका छोट्या यादीबद्दल बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही बांधावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. दुसऱ्या दिवशी फवारणीच्या त्याच टाकीतून बागेवर डावनी या रोगाचं औषध गेलं. मला वाटलं, टाकी यांनी धुतली. यांना वाटलं, गड्यानं धुतली. आठवड्याच्या आत शेंड्याची पानं पंख्यासारखी आकसली. द्राक्षवेलीला टू-फोर-डीचा अंशही सोसत नाही. अर्धा एकर बाग त्या हंगामात हातची गेली. टाकी धुवायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं का? वर्षानुवर्षं धुतच होतो की! राहून जातं ते माहीत असलेलंच.

आपल्या ओझरला लढाऊ विमानं बनतात. विमानाच्या क्षेत्रात हा धडा फार आधी मिळाला. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचं नवं मोठं विमान चाचणीत उडालं आणि लगेच कोसळलं. उभं असताना शेपटाच्या पट्ट्या वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेली कडी काढायची राहिली होती. चालवणारा अनुभवी वैमानिक होता, तरीही. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी वाचायची छोटी यादी केली. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये अशीच 19 मुद्द्यांची यादी आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले.

मी गूगल कीप या नोंदींच्या ॲपमध्ये यादी केली. पहिल्या खेपेला सत्तावीस ओळी लिहिल्या आणि ती दोन दिवसांत कुणी उघडेना. मग एकच प्रश्न विचारत खोडत गेले: हे खरोखर कधी राहिलं होतं का? ट्रॅक्टर सुरू करा, ही ओळ कशाला हवी? उरल्या सात. टाकी धुतली का, पाण्याचा सामू (पीएच) पाहिला का, फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही ते डब्यावर वाचलं का, हातमोजे घातले का, अशा.

बाजाराची यादी एकदा झाली की फेकून द्यायची असते. ही तशी नाही, ही दर फवारणीला परत लागते. काम झालं की सगळ्या खुणा एकदम काढता येतात आणि यादी पुन्हा कोरी होते. यांच्या आणि गड्याच्या मोबाइलवरही तीच यादी दिसते. बागेत रेंज नसली तरी खूण होते, रेंज आली की सगळीकडे पोचते. पण खुणा पुसल्या की मागचं काही उरत नाही. त्यामुळे औषध, मात्रा आणि तारीख फवारणीच्या वहीत लिहावीच लागते. युरोपला माल पाठवायचा तर ती वही आधी मागतात.

एक अडचण मात्र ॲपनं सुटली नाही. एकदा पाहिलं तर गड्यानं चहा पिता पिता सातही चौकोनांवर टिचक्या मारल्या होत्या. मी रागावले नाही. वैमानिक एकमेकांना मोठ्यानं विचारतात आणि उत्तर देतात, तसं आम्ही सुरू केलं. मी टाकीजवळ मोबाइल धरून वाचते, "टाकी धुतली?" तो झाकण उघडून आत हात फिरवतो आणि म्हणतो, "धुतली." मगच खूण. सगळं मिळून तीन मिनिटं लागतात.

आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं कामाला येतात, मुलाबाळांसह. मागच्या हंगामात एका सकाळी यादी वाचून झाली, ब्लोअर म्हणजे फवारणीचं यंत्र सुरू होणार, एवढ्यात गडी म्हणाला, "ताई, अजून एक ओळ लिवा. पोरं बागेत हायेत का बघा." आम्ही ओळींमध्ये फिरलो. दोन मुलं मांडवाखाली सावलीत झोपली होती.

आता ती आठवी ओळ यादीत सगळ्यात वर आहे.