पोरांच्या बोटाला शाई, गुरुजी मात्र कागदावर

आवाज येतोय ना मागपर्यंत? बरं. विषय दिलाय 'एका पात्र शिक्षकामागे मुलं किती', आणि समोर निम्म्याहून जास्त लोक खडू धरलेले दिसतायत, त्यामुळे पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं आणि संचमान्यता म्हणजे त्या पटावरून मंजूर होणारी शिक्षकांची पदं, यापलीकडे काही सांगत बसत नाही. सुरुवात मात्र मी 2011 च्या ऑक्टोबरपासून करणार, कारण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो तेव्हा.

3 ते 5 ऑक्टोबर, राज्यभर पटपडताळणी झाली होती, म्हणजे पटावरची मुलं खरंच शाळेत आहेत का याची मोजणी, आठवतंय? एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली होती. मी तेव्हा एका वाडीवर होतो, चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा, पट 46. पथक आलं, पोरं रांगेत, शाईची बाटली बघून दुसरीतला एक जण मला विचारतो, "गुरुजी, मत कुणाला द्यायचं?" पथकातले साहेबसुद्धा हसले. पण गावात तोवर भलतंच पसरलं होतं, की शाई नाही लागली तर नाव कटणार. तिसरीतली एक मुलगी तापाने घरी होती, तर तिचा बाप तिला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेऊन आला, पाऊण तासाची चढण आहे हो ती, आणि तिचा हात घोंगडीतून बाहेर काढून म्हणाला, लावा. 46 पैकी 46 मोजली गेली. आजही तो हात डोळ्यांसमोर येतो.

मग साहेबांनी कागद काढला. शिक्षक किती? मी म्हटलं, एक इथं उभा आहे, दुसरे जूनपासून तालुक्याला प्रतिनियुक्तीवर, म्हणजे नेमणूक आमच्याकडे आणि काम तिकडे. माझं त्या सरांशी काही वाकडं नव्हतं, त्यांना कॉम्प्युटर यायचा म्हणून नेलं, पगार मात्र आमच्याच शाळेवर निघायचा. साहेब म्हणाले, "मंजूर दोन, कार्यरत दोन, बरोबर?" आणि 2 लिहिलं. झालं. 46 भागिले 2, एका शिक्षकामागे 23, इतकं सुंदर प्रमाण की कुठल्याही अहवालात मिरवावं.

आता वर्गात काय चाललं होतं ते ऐका. चार इयत्ता एका खोलीत. पहिलीला गिरवायला दिलं की दुसरीची बेरीज, तिसरीला धडा वाचा म्हटलं की चौथीकडे वळायचं, तेवढ्यात पोषण आहाराचा तांदूळ आला, मोजून घ्या, सही करा, परत येईतो पहिलीतली दोघं भांडून बसलेली. मग मी चौथीतल्या एका हुशार मुलीला पहिलीवर बसवायचो, छान वाचून दाखवायची ती. पण त्या वेळात तिने स्वतःचा भागाकार करायला हवा होता. ती पाचवीला दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिचा भागाकार कच्चा होता, आणि तो तसा कागदावरच्या त्या दुसऱ्या गुरुजींमुळे राहिला असं मी आजही ठामपणे म्हणतो. मुलांच्या बोटाला शाई लागली, मग आमच्या बोटाला का नाही? शिक्षक मोजायचा तर तो वर्गात उभा असताना मोजा ना.

(चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. मूळ मुद्दा आता पळत सांगतो.)

पहिली गोष्ट सरासरीची. 2024-25 च्या यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शाळांच्या आकडेवारीत, तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर देशाचं प्रमाण एका शिक्षकामागे 13 मुलं आहे, आणि त्याच वर्षी देशात 1 लाख 4 हजाराच्या वर एकशिक्षकी शाळा आहेत, त्यात 33 लाखांहून जास्त मुलं. दोन्ही आकडे खरे. एका शाळेत 20 मुलांना 2 शिक्षक, दुसरीत 180 मुलांना 3, एकत्र केले तर 40, पण 200 पैकी 180 मुलं 60 च्या गर्दीत बसलेली असतात. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणूनच शाळानिहाय बोलतो, प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, जिल्ह्याची सरासरी दाखवून सुटका नाही.

दुसरी गोष्ट 'पात्र' या शब्दाची. युनेस्कोच्या आकडेवारीत प्रशिक्षित शिक्षक वेगळा आणि किमान शैक्षणिक पात्रता असलेला वेगळा, आणि ती किमान पात्रता प्रत्येक देश आपापली ठरवतो. आपल्यासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत पट झपाट्याने वाढला आणि सरकारांनी तो कमी पगाराच्या कंत्राटी माणसांवर निभावला, उत्तर प्रदेशचे शिक्षामित्र घ्या, लाखाच्या वर लोक, 2017 मध्ये सुप्रीम कोर्टातही त्यांचं समायोजन, म्हणजे कायम शिक्षक म्हणून सामावून घेणं, रद्दच ठरलं. आपले शिक्षणसेवकही, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं ठरावीक मानधनावर नेमलेले शिक्षक, त्याच काटकसरीतून आले, फक्त ते डी.एड. झालेले होते. अप्रशिक्षितांना प्रशिक्षण पुरं करायला कायद्याने दिलेली 2015 ची मुदत 2019 पर्यंत वाढली. 2023 मध्ये कोर्ट म्हणालं पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही. 2025 च्या सप्टेंबरात निकाल आला की ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, म्हणजे वीस वर्षं शिकवलेल्या बाईसुद्धा उद्या भागाकारातून बाहेर जाऊ शकतात. पात्रता हवीच, मी तिच्या बाजूचा आहे. पण ती बदलली की प्रमाण बदलतं, वर्गातलं माणूस तेच असतं, आणि पाहिजे ते प्रशिक्षण वेळेत द्यायची जबाबदारी ज्यांनी नेमलं त्यांची.

तेव्हा माझी मागणी एवढीच की शाळेच्या दर्शनी भिंतीवर दर महिन्याला तीन आकडे लिहा: पट, त्या महिन्यात प्रत्यक्ष वर्गावर असलेले शिक्षक, आणि त्यातले पात्र किती, खाली शाळा व्यवस्थापन समितीची सही. प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस त्यात धरायचा नाही, बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामाला गेलेले दिवस वेगळे दाखवायचे. त्याला खर्च एका रंगाच्या डब्याचा.

परत चिठ्ठी आली, थांबतो. मागच्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, बोला ताई.