हद्दीत आल्यावर नळाला पाणी कधी येतं?

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज इथे शहरातले लोक आहेत, तसे आजूबाजूच्या वाड्यांमधून मुद्दाम आलेलेही बरेच दिसताहेत. मला त्याचा फार आनंद आहे. हद्दवाढीच्या, म्हणजे शहराची हद्द वाढवून आसपासची गावं पालिकेत घेण्याच्या प्रश्नावरच्या सभा एरवी वेगवेगळ्या होतात. शहरात एक होते, ती 'झालीच पाहिजे' म्हणते. गावात दुसरी होते, ती 'होऊ देणार नाही' म्हणते. दोन्हीकडचे लोक एका सतरंजीवर बसलेत असं मी क्वचितच पाहिलं.

माझी सगळी नोकरी नगरपालिकांच्या पाणीपुरवठा विभागात झाली. त्यामुळे हद्द म्हटलं की मला नकाशातली रेघ दिसत नाही, पाइपाचं शेवटचं टोक दिसतं. एका गावी नोकरीला असताना अशाच टोकाशी एक रस्ता होता. अलीकडे पालिका, पलीकडे ग्रामपंचायत. पलीकडे गुंठा-दोन गुंठ्याचे प्लॉट पाडून शंभरेक घरं उठली होती. तिथल्या बायका रस्ता ओलांडून आमच्या सार्वजनिक नळावर यायच्या. अलीकडच्यांनी तक्रार केली, सभेत ठराव झाला, आणि तो नळ बंद करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी बंद केला. त्या दिवशी कळशी घेऊन उभी असलेली एक आजी मला म्हणाली, "साहेब, मत मी गावाला देते, बाजार शहरात करते. पाणी कुणाकडं मागू?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज बोलायला उभा आहे तो त्या प्रश्नासाठीच.

साताऱ्यात अशा वस्त्यांना 'त्रिशंकू भाग' म्हणत. शहराला लागून वसलेला, पण ना धड पालिकेचा ना धड पंचायतीचा. शाहूनगरसारख्या भागातल्या लोकांनी हा शब्द वर्षानुवर्षं ऐकला. साताऱ्याच्या हद्दवाढीची मागणी कित्येक दशकं पडून होती. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचना निघाली. शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द आणि आसपासचे भाग पालिकेत आले. अजिंक्यतारा, ज्याच्या पायथ्याशी हे शहर वसलं, तोसुद्धा तेव्हाच हद्दीत आला.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. शहर आधी वाढतं, हद्द मागाहून येते. मुंबईच्या मंत्रालयातून सही होते तोवर घरं बांधून झालेली असतात, बोअर मारलेले असतात, रस्ते दहा-बारा फुटांचे ठरून गेलेले असतात. हद्दवाढ म्हणजे वाढीचं नियोजन, असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा ती होऊन गेलेल्या वाढीची नोंद असते. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेल्या प्लॉटांचा कायदा २००१ चा. १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड नियमित करायचे म्हणून तो आला. २०२१ मध्ये तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे न्यावी लागली. मधल्या वीस वर्षांत काय झालं हे त्या दोन तारखाच सांगतात.

आता पाण्याकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सभांमध्ये घरपट्टीवर तासन्‌तास बोलणं होतं आणि पाण्याचं गणित कुणी मांडत नाही.

तीन आकडे लक्षात ठेवा. ५५, ७० आणि १३५. जलजीवन मिशन या केंद्राच्या नळयोजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरतात. नळयोजना असलेल्या पण भुयारी गटार नसलेल्या शहरात माणशी ७० लिटर. भुयारी गटार असलेल्या किंवा होणार असलेल्या शहरात १३५ लिटर. आता दहा हजार वस्तीचं एक गाव घ्या. गाव म्हणून त्याला रोज साडेपाच लाख लिटर लागतात. तेच गाव हद्दीत आलं आणि गटार योजनेत बसवलं, की साडेतेरा लाख. माणूस तोच, घर तेच, पण कागदावर आठ लाख लिटरचा फरक पडला. आणि आत गेलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर येतं असं धरतात. म्हणजे जवळजवळ अकरा लाख लिटर मैलापाणी रोज कुठेतरी न्यायचं आणि शुद्ध करायचं. नेलं नाही तर ते ओढ्यात जाणार. ओढा खालच्या गावाला जातो.

हे साडेतेरा लाख लिटर पाणी साठ मीटर वर चढवायचं असेल, तर पंपाची कार्यक्षमता पासष्ट टक्के धरून रोजची सुमारे साडेतीनशे युनिट वीज लागते. महिन्याला दहा हजार युनिट. योजना बांधायला सरकारकडून पैसे मिळतात. केंद्राची अमृत योजना आहे, राज्याची नगरोत्थान आहे. पण वीजबिल पालिकेने भरायचं, वॉलमनचा पगार पालिकेने द्यायचा, फुटलेला पाइप रात्री दोन वाजता पालिकेने जोडायचा. उद्घाटनाच्या फलकावर हा खर्च कधी लिहिलेला नसतो.

साताऱ्याचं भाग्य असं की शंभर वर्षांहून जुन्या कास तलावाचं पाणी डोंगरावरून उताराने शहरात येतं, त्याला पंप लागत नाही. ज्यांनी ती चढउताराची पातळी मोजली, त्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण वाढत्या शहराला ते पुरेना. म्हणून उरमोडी नदीवरून शहापूरची योजना आली, म्हणजे पाणी उचलणं आलं. पुढे कासच्या धरणाची उंची वाढवायचं कामही हाती घ्यावं लागलं. हद्दीतल्या प्रत्येक नव्या भागाला पाणी कुठून, हा प्रश्न तिथे वेगवेगळा सुटतो. कुठे पालिकेचं पाणी, कुठे राज्याच्या जीवन प्राधिकरणाचं, शाहूपुरीसारख्या भागाला कण्हेर धरणावरच्या योजनेचं. एका शहरात तीन-चार व्यवस्था. नागरिकाला मात्र एकच नळ माहीत असतो.

गावाकडच्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमची पंचायतीची विहीर, तुमची जुनी टाकी, तुमची छोटी योजना हद्दवाढीच्या दिवशी सोडून देऊ नका. मी असं घडताना पाहिलं आहे. 'आता पालिकेचं पाणी येणार' म्हणून विहिरीवरची मोटार निघून जाते, तिचं पाणी शेवाळतं. पालिकेची जलवाहिनी चार वर्षांनी येते. मधली चार वर्षं टँकर.

आता पैसा. नगरपालिकांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, १९९९ मध्ये बंद झाली. त्याआधी नाक्यावर रोज रोख पैसा यायचा. त्यानंतर छोट्या पालिका सरकारच्या सहायक अनुदानावर आल्या, आणि त्यातला बराचसा भाग पगार-पेन्शनमध्ये जातो. हाताशी राहते ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. म्हणून शहरातले कारभारी हद्दवाढीकडे उत्पन्न म्हणून पाहतात, हे मी समजू शकतो. रस्त्याकडेची मंगल कार्यालयं, शोरूम, गोदामं हद्दीबाहेर राहतात आणि त्यांची गाड्यांची वर्दळ शहराच्या रस्त्यावर असते. हे शहरावर अन्यायकारक आहेच.

पण उत्पन्न लगेच येत नाही. नव्या भागाची घरपट्टी एकदम शहराच्या दराने लावायची नाही, आधीचा दर काही काळ ठेवून मग टप्प्याटप्प्याने चढवायची, अशी पद्धत आहे. गावकऱ्यांच्या दृष्टीने ती योग्यच आहे. मात्र त्याचा अर्थ असा की पहिली पाच-सहा वर्षं नवा भाग पालिकेला जितकं देतो त्याहून जास्त खर्च मागतो. शिवाय गाव पंचायत म्हणून वित्त आयोगाचा जो निधी थेट मिळवत होतं, तो त्या रूपात थांबतो. पंचायतीचे कर्मचारी पालिकेकडे येतात, त्यांचं समायोजन आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात अडकतं. मुकादम आणि घंटागाड्या पहिल्या तेवढ्याच राहतात, फक्त फेरी लांबते. शहरात रोज येणारी गाडी एक दिवसाआड येऊ लागते आणि शहरातला माणूस म्हणतो, गावं घेतली आणि आमचा कचरा पडला. गावातला म्हणतो, कर घेता आणि गाडी येत नाही. दोघांचं म्हणणं खरं असतं.

पुण्यात काय झालं पाहा. २०१७ मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. त्यातल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांनी कर आणि सोयी यांचा मेळ बसत नाही म्हणून बाहेर पडायची मागणी केली. २०२४ मध्ये ती गावं महापालिकेतून निघाली, त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. उरुळी देवाचीच्या शिवारात शहराचा कचरा वर्षानुवर्षं पडत आला होता, हे विसरून त्या लोकांच्या रागाकडे पाहू नये. आणि दुसऱ्या टोकाला कोल्हापूर. १९७२ च्या डिसेंबरमध्ये महापालिका झाली, आणि त्यानंतर कित्येक दशकं हद्द होती तिथेच राहिली. किती प्रस्ताव गेले, किती मोर्चे निघाले, दोन्ही बाजूंनी बंद पाळले गेले. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून बेचाळीस गावांचं प्राधिकरण स्थापन झालं. प्राधिकरण बांधकामाला परवानगी देऊ शकतं, पण रोज सकाळी गटार काढायला त्याच्याकडे माणूस नसतो.

गावांचा विरोध अडाणीपणातून येतो असं शहरात सहज बोललं जातं. मला ते ऐकवत नाही. शेतकऱ्याला विकास आराखड्याची भीती वाटते. त्याच्या दीड एकरावर बागेचं आरक्षण पडलं तर ना विकता येत, ना बांधता येतं, आणि मोबदला कधी मिळेल ते ठाऊक नसतं. ही भीती त्याने शेजारच्या शहरात डोळ्यांनी पाहून घेतलेली असते. गावात अकरा-तेरा सदस्यांची पंचायत असते, सरपंच घरासमोरून जातो, ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. पालिकेत तेच गाव अर्धा प्रभाग होतं.

आणि कधी कधी तेवढंही होत नाही. आज मला सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट. साताऱ्यात २०२० साली ग्रामपंचायती विसर्जित झाल्या. तेव्हा पालिकेत २०१६ च्या निवडणुकीतून आलेले सदस्य होते, नव्या भागाने निवडलेलं कुणी नव्हतं. २०२१ च्या अखेरीस त्यांचीही मुदत संपली आणि प्रशासक आला. राज्यभर ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. पालिकेच्या सदस्यांच्या जागा चाळिसावरून पन्नासावर गेल्या. म्हणजे सव्वापाच वर्षं त्या भागातल्या माणसाने आपला म्हणून कुणालाही मत दिलेलं नव्हतं. सरपंच गेला होता, नगरसेवक आला नव्हता. मुख्याधिकारी कितीही चांगला असो, लोक त्याच्या दारात रात्री जाऊ शकत नाहीत. शहरांचा कारभार लोकांनी निवडलेल्या सभागृहाकडे असावा म्हणून आपण ७४ वी घटनादुरुस्ती केली, त्याच्या अगदी उलट हे घडलं. यात सातारकरांचा काही दोष नव्हता. पण पुढे ज्या गावाची हद्दवाढ होईल, त्याने हे आधी विचारावं: पंचायत ज्या दिवशी बरखास्त होईल, त्या दिवसापासून आमच्या वतीने सभागृहात कोण बोलणार?

मी हद्दवाढीच्या बाजूचा आहे, हे स्पष्ट सांगतो. रस्त्याच्या एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला बेवारशी वस्ती, हे चालू ठेवणं मला अमानुष वाटतं. पण माझी मागणी आहे की पालिकेने ठराव करताना त्याला एक जोडपत्र लावावं. कोणत्या वस्तीला कोणत्या वर्षी जलवाहिनी, कुठली टाकी, किती उंचीची, पाणी कुठल्या उद्भवातून, वीजबिल कुठल्या लेखाशीर्षातून. गटार कधी. दिवे कधी. आगीचा बंब आत शिरेल एवढा रस्ता कुठे आहे आणि कुठे नाही. हे जोडपत्र ग्रामसभेत वाचावं, शहराच्या प्रभागांतही वाचावं. घरपट्टीचा टप्पा चढताना त्याच्यासमोर त्या वर्षीचं काम लिहिलेलं असावं. काम झालं नसेल तर टप्पा चढवू नये. पालिकेच्या मित्रांना हे जाचक वाटेल. मी त्यांच्यातलाच आहे, आणि मला वाटतं की असं जोडपत्र हातात असतं तर मी त्या दिवशी तो नळ बंद केला नसता.

प्रारूप अधिसूचना निघाली की हरकती आणि सूचनांसाठी किमान तीस दिवस मिळतात. लोक त्यात 'आमचा विरोध आहे' किंवा 'आमचा पाठिंबा आहे' एवढंच लिहितात, आणि छापील अर्जांचा गठ्ठा एका शेऱ्याने निकाली निघतो. तसं लिहू नका. आपल्या वस्तीत किती घरं, पाणी आज कुठून येतं, किती दिवसाआड येतं, ओढा कुठे तुंबतो, हे लिहा. तुमच्या हरकतीत आकडा असला की उत्तरही आकड्यानेच द्यावं लागतं.

मागच्या भिंतीवर मी एक नकाशा लावला आहे. माझ्या हाताने काढलेला आहे, तेव्हा रंग थोडे सरमिसळ झालेत. त्यात तांबडी रेघ आपल्या शहराच्या प्रस्तावित हद्दीची आहे. निळी रेघ आपल्या मोठ्या टाकीच्या तळाच्या पातळीची आहे. तिच्या खालच्या घरांना पाणी आपोआप उतरेल. तिच्या वर आणि तांबडीच्या आत जी घरं आहेत, त्यांच्यासाठी दुसरी टाकी आणि दुसरा पंप लागणार. जाताना आपापलं घर त्यात शोधा. वरच्या पट्ट्यातल्या लोकांनी दाराशी ठेवलेल्या वहीत वस्तीचं नाव आणि घरांची संख्या लिहून जावी. सोमवारी मी ती यादी घेऊन पालिकेत जाणार आहे, ज्यांना यायचं असेल त्यांनी अकरा वाजता दारात भेटावं.