पहाटेचा पहिला बार

मंडळी, नरकचतुर्दशीला उटणं लावून अंघोळ, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं, आणि मग वाड्यात पहिला फटाका कोणाचा याची चढाओढ. साडेचारला बार उडाला नाही, तर दिवाळी उजाडलीच नाही असं आम्हाला वाटायचं. म्हणून आज जे सांगतोय ते सांगताना मलाही जड जातंय. ती वेळ कायद्यात बसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके उडवायला बंदी केली. २०१० मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही ती आली. ही बंदी वर्षभराची आहे. दिवाळीइतकीच ती लग्नाच्या वरातीला आणि निवडणुकीच्या विजयाच्या मिरवणुकीलाही लागू आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर भरदुपारीही आवाजाचा फटाका चालत नाही.

पुढे दिल्लीतल्या तीन तान्ह्या बाळांच्या नावाने २०१५ साली याचिका झाली. तिच्यावर २३ ऑक्टोबर २०१८ रोजी आदेश आला: दिवाळीत फटाके रात्री ८ ते १० एवढेच. तामिळनाडूने लगेच न्यायालय गाठलं; आमची दिवाळी पहाटेची, असं सांगितलं. न्यायालयाने वेळ बदलू दिली, दोन तासांची मर्यादा मात्र सोडली नाही. मग तिथल्या सरकारने सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ७ ते ८ अशी विभागणी केली. अभ्यंगस्नान तर आपलंही पहाटेचंच. आपल्याकडूनही अशी रीतसर मागणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. चोरून पाचला बार लावण्यापेक्षा सहाला उजळ माथ्याने लावलेला बरा. मुंबईची हवा बिघडली तेव्हा, नोव्हेंबर २०२३ मध्ये, उच्च न्यायालयाने आधी संध्याकाळी ७ ते १० वेळ दिली आणि चारच दिवसांत ती ८ ते १० वर आणली.

आता आवाजाचं. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल ही एका फटाक्याची कमाल मर्यादा. माळेचा नियम आणखी कडक: फटाके दहापट झाले की त्यातल्या प्रत्येकाची मर्यादा ५ डेसिबलने उतरते. शंभराच्या माळेत ११५, हजाराच्या माळेत ११०. शिवाय ही मोजणी मोकळ्या मैदानातली. दोन इमारतींच्या बोळात भिंतींवरून परतणारा आवाज कोण मोजतो? माझी आई शेवटची दोन वर्षं ऑक्सिजनवर होती. दिवाळीत आम्ही खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबायचो. धूर थोडा अडायचा, दणका अडायचा नाही. खालची मुलं वाईट नव्हती. वर कोण झोपलंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हरित फटाका म्हणजे निर्धोक फटाका, असाही एक समज आहे. त्याचं सूत्र नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केलं; त्यात धूर सुमारे ३० टक्के कमी होतो, संपत नाही. खोक्यावर त्याचं चिन्ह आणि क्यूआर कोड पाहूनच घ्या.

आणि घेताना दुकानाकडेही बघा. २००८ च्या स्फोटके नियमांप्रमाणे तात्पुरती दुकानं न जळणाऱ्या सामानाची हवीत, एकमेकांपासून किमान ३ मीटरवर, समोरासमोर नाहीत, आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त नाहीत. २०१६ च्या दिवाळीत औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर फटाक्यांच्या बाजाराला आग लागली आणि शंभराहून अधिक दुकानं बघता बघता खाक झाली. तेव्हा हे ३ मीटर कशासाठी लिहिलेत ते सगळ्यांना दिसलं. कापडी मांडव, खेटून लागलेले गाळे दिसले, तर तिथे मुलांना नेऊ नका, आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवा. २०१८ च्या आदेशाने आपापल्या हद्दीतल्या अंमलबजावणीसाठी पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरलं आहे. अर्जाची पोच मागायला संकोचू नका.