वळणावरचा दिवा

नमस्कार श्रोतेहो. रात्री खडकवासल्याकडून सिंहगडाचा घाट पाहिलाय कधी? एखादी मोटारसायकल उतरत असते. बराच वेळ तिचा दिवा नुसता मिणमिणतो. मग एका वळणावर तिचं तोंड आपल्याकडे होतं आणि तो टिपका भक्कन पेटतो. दिवा तोच, बॅटरीही तीच.

२०१६ च्या अखेरीस महाश्व तारकासमूहातल्या सीटीए १०२ या क्वेसारनं, म्हणजे एका दूरच्या दीर्घिकेच्या झगझगीत केंद्रानं, असाच डोळा दिपवला. ताऱ्यांचं तेज प्रतींत मोजतात, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त. एरवी साधारण सतराव्या प्रतीचा हा ठिपका डिसेंबरात अकराव्या प्रतीच्या आसपास पोचला. सहा प्रती म्हणजे जवळजवळ अडीचशे पट! आणि तो प्रकाश निघाला सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वी, तेव्हा पृथ्वीच काय, सूर्यही नव्हता. गच्चीवरच्या बेताच्या दुर्बिणीला दिसेल इतका तो उजळला, आणि हे प्रकरण काही महिने चाललं.

क्वेसारच्या पोटात कृष्णविवर असतं, भोवती तापलेल्या वायूची तबकडी. तिच्या दोन्ही अंगांनी जवळपास प्रकाशाच्या वेगानं झोत सुटतात. इतक्या वेगात प्रकाश पुढच्या दिशेला एकवटतो, त्यामुळे झोत आपल्याकडे थोडासा जरी वळला तरी तेज कित्येक पट वाढतं. खगोलशास्त्रज्ञ क्लॉडिया रायतेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हेच मांडलं: झोत पिळवटलेला आहे आणि त्याचा एकेक भाग आपल्याकडे तोंड करतो. दृश्य प्रकाश एका भागातून येतो, रेडिओलहरी त्याच्या पुढच्या भागातून, म्हणून दोन्ही एकाच वेळी उजळत नाहीत.

दुसऱ्या एका गटाला मात्र रसवंती आठवावी असं उत्तर सुचलं. म्हणजे रसवंती माझी, ढग त्यांचा. वायूचा एक ढग झोताच्या वाटेत आला. चरकात ऊस जावा तसा तो हळूहळू आत ओढला गेला: आधी विरळ कड, मग दाट मधला भाग, मग पुन्हा विरळ कड. तेजही तसंच महिनोन्‌महिने चढलं आणि उतरलं. मला वळणाचं उत्तर अधिक पटतं, पण चढउताराचा हा संथ आकार चरकच सरळ सांगतो, हे कबूल करायला हवं.

कार्तिकात रात्री नऊच्या सुमारास महाश्वाचा चौकोन पुण्यात जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या ताऱ्याजवळ ३सी ४५४.३ नावाचा आणखी एक क्वेसार आहे. तो २००५ साली असाच पेटला होता.